इंजिन बंद कर, संतुका

माईकला आईच्या जुन्या स्वेटरची बाही घातली होती,
वारा लागू नये म्हणून.
तरी मीटर नाचतच होता.
संतुकाचं डिझेल इंजिन, फटफट फटफट,
पाचवा वाजवणारा,
ज्याला थांबायचं कळत नाही.

राहाटीहून निघालो तेव्हा सात वाजलेले.
पिराजीची हलगी टॉवेलात गुंडाळून मांडीवर.
खाजामास्तर क्लॅरिनेटची रीड ओठांत भिजवत.
चौत्राबाईचं तुणतुण्यापेक्षा पाण्यावर जास्त ध्यान:
"मला पवता येत न्हाई, आदीच सांगून ठिवते."

काय वाजवायचं ते ठरलं नव्हतं.
तेवढंच ठरलं होतं.
पण मास्तरांची तीस वर्षं वरातीत गेलेली,
फर्माईश नसली की बोटांना काम सुचत नाही.
"कोन्तं गाणं?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.
"कोणतंच नाही."
"मग पैसे कशाचे?"
सगळे हसले. मीटर लाल झाला.

विष्णुपुरीच्या धरणानं गंगा इथवर तुंबवलेली;
होडी सोडली तर कुठल्या बाजूला जाईल
हे तिलाही सांगता आलं नसतं.
"इंजिन बंद कर, संतुका."
"मग जायचं कसं?"
"नको जायला."
त्यानं माझ्याकडं बघितलं
तालुक्याहून आलेल्या बाईकडं बघतात तसं,
आणि दट्ट्या ओढला.

शांतता अशी नव्हतीच काही.
पल्याड केळीला पाणी देणारी मोटार,
कुणावर तरी खेकसणारी टिटवी,
बुडाशी पाणी, चुळुक चुळुक.

पिराजीनं टिपरू उचललं.
थाप पडली ती ओल्या पोत्यावर पडावी तशी.
दमट हवेनं चामडं उतरलेलं.
गावात असता तर मूठभर पाचट पेटवलं असतं.
संतुकाचा कालवणाचा स्टोव्ह होता,
त्यावर फिरवली, कडेनं, मग मधे,
नखानं वाजवून बघत,
आणि अख्ख्या होडीत रॉकेल आणि चामड्याचा वास,
जो माझ्या मशीनला घेता आला नाही.

मग अशी वाजली की काठावरचे बगळे उठले.
पण पाच-सात मिनिटांत पुन्हा उतरू लागली,
पाय गाळात रुतत जावा तशी, हळूच.
मास्तरांनी डोळे बारीक केले
आणि तिच्या मागोमाग उतरू लागले,
दोन पट्ट्यांच्या फटीतून,
कुठल्याच नवरदेवानं न ऐकलेल्या सुरांत.
चौत्राबाईनं खुंटी सैल केली,
सैल करता करताच तार छेडत राहिली,
तोंडात शब्द नाही, नुसता हुंकार,
जोगवा मागताना दार उघडेपर्यंत
धरून ठेवतात तसा.

आणि खालून कुठून तरी ठेका:
खर्र, डुब्. खर्र, डुब्.
मला वाटलं पिराजी.
पिराजीला वाटलं मास्तरांचा पाय.
संतुका होता. फळीतून झिरपलेलं पाणी
डालड्याच्या डब्यानं उपसत होता,
कुणाकडं न बघता.

डबा कोरडा खरवडू लागला,
ठेका तुटायला आला,
तेव्हा चौत्राबाई, तुणतुणं काखेत,
कडेवरून वाकली
आणि ओंजळभर गंगा आत टाकली.
मग आणखी एक.
पोहता न येणारी बाई.

किती वेळ, ते फाईलवर लिहिलंय:
एक तास अकरा मिनिटं.
शेवटी होडी बेशरमीच्या झुडपात जाऊन अडकली,
फांद्या खरडल्याचा आवाज,
आणि पिराजी म्हणाला, "चहा कुटं मिळंल?"
तोही आलाय.

महिन्यानं फोन केला, नाव काय द्यावं विचारायला.
मास्तर वरातीत होते, काही ऐकू येईना.
चौत्राबाईचा फोन नातवाकडं, नातू शाळेत.
पिराजी म्हणाला, "नाव कामून पायजे?
पुन्ना थोडंच वाजवायचंय ते."

संतुकाला त्याचा डबा ऐकवला.
बराच वेळ पलीकडून नुसता वारा.
मग म्हणाला,
"भोक तर परवाच बुजवलो की, ताई, डांबर घालून.
आदी सांगायचं न्हाई का?"